रंग निघेल हो, पण खालची नक्षी?

मागच्या अंकात मी मुलाम्याविषयी लिहिलं आणि पत्रं आली ती रंगाच्या शिंतोड्यांची. साहजिक आहे. मुलामा कसा चढतो याचं कुतूहल चार जणांना, पण दाराच्या मुठीवर रंग सांडलेला प्रत्येकाच्या घरी. मी बत्तीस वर्षं मुलाम्याच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली, त्यामुळे रंगाऱ्यांपेक्षा माझी नजर थोडी उलटी आहे. ते रंगाकडे बघतात, मी रंगाच्या खाली काय आहे ते बघते. पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण त्यातलं जुनं शिवणयंत्र वाचवायला हवं.

प्रश्न : ताई, माझ्याकडे आजीचं हाताने फिरवायचं शिवणयंत्र आहे. काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. खोलीला रंग देताना त्यावर टाकलेली चादर सरकली आणि भिंतीच्या पांढऱ्या रंगाचे पन्नास-साठ शिंतोडे उडाले. याला महिना झाला. रंगारी म्हणाला, स्पिरिट लावा. एका फुलावर लावलं. शिंतोडा निघाला, पण कापूस तपकिरी झाला आणि फूल सोनेरीचं रुपेरी दिसायला लागलं. आता हात लावायची भीती वाटते. बाकीचे कसे काढू?

उत्तर : आधी ती स्पिरिटची बाटली उचलून दुसऱ्या खोलीत ठेवून या. मग पुढचं वाचा.

रंगाऱ्याने सांगितलं ते त्याच्या परीने बरोबरच होतं. भिंतीचा पाण्यात कालवलेला रंग एकदा वाळला की साध्या पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटला देतो. तेवढ्या दोन कणांचा प्रश्न असता तर मीही तेच सांगितलं असतं. पण तुमच्या मशीनच्या अंगावर काय काय आहे ते ऐका. तळाशी ओतीव लोखंड. त्यावर डांबराच्या जातीचं काळं व्हार्निश, भट्टीत भाजून पक्कं केलेलं. त्यावर सोनेरी नक्षीचे छाप. आणि सगळ्यात वर, नक्षी झिजू नये म्हणून, पारदर्शक लाखेचा हात. ही लाख म्हणजे सुताराच्या फ्रेंच पॉलिशमधलीच. आणि सुतार ती लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये! तुमच्या कापसावर आलेला तपकिरी रंग म्हणजे नुसता मळ नव्हता, आजीच्या मशीनची लाख होती. ती गेल्यावर फूल उघडं पडलं आणि पुढच्या दोन घासण्यांत त्याच्यावरची सोनेरी छटा गेली.

म्हणजे अडचण अशी, की शिंतोडा ज्याला वश होतो त्यालाच लाखही वश होते. अशा वेळी आणखी जोरकस औषध शोधायचं नसतं. अमोनिया असलेली काच पुसायची द्रव्यं नकोत, धुण्याचा सोडा नको. लाख त्यांनाही विरघळते. ओलं फडकं तासभर ठेवून रंग भिजवू म्हणाल तर लाख पांढुरकी पडेल. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हरचं तर नावच काढू नका. आणि हो, चिकटपट्टी लावून शिंतोडे उपटण्याची एक युक्ती कुणीतरी सांगेलच. शिंतोडा राहील, नक्षी पट्टीवर येईल.

उरतं ते मशीनचं तेल आणि तुमचं नख.

हसू नका. तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. शिवणयंत्र वर्षानुवर्षं तेल पीत असतं, त्यामुळे त्याच्या अंगावर तेलाचा अगदी पुसट थर असतोच. पाण्यातला रंग अशा गुळगुळीत, तेलकट जागी नीट धरत नाही, नुसता बसलेला असतो. भिंतीवर तो रुजतो, इथे तो पाहुणा आहे. म्हणून आधी कोरड्या, मऊ फडक्याने धूळ पुसा. मग शिवणयंत्राचंच पातळ तेल इअरबडवर घेऊन दहा-बारा शिंतोड्यांच्या कडांना लावा आणि रात्रभर सोडून द्या. तेल रंगाला विरघळवत नाही, ते कडेखालून आत शिरतं, तेवढंच त्याचं काम. सकाळी उजेड आडवा पडेल असं बसा, भिंग असेल तर घ्या, आणि अंगठ्याचं नख शिंतोड्याच्या कडेला जवळजवळ आडवं टेकवून ढकला. उभं नख खरडतं, आडवं उचलतं. नीट जमलं तर अख्खा शिंतोडा टिकलीसारखा सुटून येतो, आणि त्याच्या पाठीला तेलाची चमक दिसते. नखाला जमत नसेल तर आइस्क्रीमच्या काडीचं टोक छिन्नीसारखं तासून घ्या. काडी बोथट झाली की पुन्हा तासायची. लोखंडी काही नको, ब्लेड तर नकोच.

नक्षीवर बसलेले शिंतोडे सगळ्यात शेवटी घ्या, तोवर हात बसलेला असेल. जो शिंतोडा दोनदा तेल लावूनही हलत नाही तो तिसऱ्या दिवशी हलतो. जो तरीही हलत नाही आणि नेमका नक्षीवर आहे, त्याला माझ्या मते राहू द्यावं. पांढरा ठिपका पुढेमागे निघू शकतो, गेलेलं सोनं परत येत नाही. काळ्या मोकळ्या जागेवरचा हट्टी ठिपका असेल तर मात्र घासून चमकवायचं मऊ पॉलिश अगदी किंचित चालेल, पण आधी मागच्या बाजूला खांबाच्या तळाशी, नक्षी नसेल तिथे लावून बघा. कापसावर तपकिरी आलं की थांबायचं.

सुईजवळची उभी चकचकीत पट्टी, खालच्या सरकपट्ट्या, पायाचा घोडा हे बहुतेक स्क्रूने सुटतं. ते काढून घ्या. त्यांच्यावर निकेल असतं, आणि निकेलला स्पिरिट लागलं तरी काही होत नाही. दुसऱ्या खोलीतली बाटली आता आणा, पण भाग मशीनपासून लांब नेऊन पुसा आणि पूर्ण वाळले की बसवा. चाकाची कड चकचकीत असली तरी मधला भाग काळा आणि लाखेचा असतो, तिथे ओघळ जाऊ देऊ नका.

राहिलं ते फूल. ते घासून सोनेरी होणार नाही, म्हणून घासू नका. फ्रेंच पॉलिश करणारा चांगला हात ओळखीचा असेल तर त्याच्याकडून त्या जागेवर लाखेचा पातळ हात फिरवून घ्या, म्हणजे आहे तेवढं टिकेल. एक फूल रुपेरी झालेलं मशीन मी तरी कमी सुंदर मानणार नाही.

प्रश्न : दाराच्या स्टीलच्या मुठीवर आणि बिजागऱ्यांवर ऑइलपेंटचे ओघळ आहेत, सात-आठ वर्षांचे. टर्पेंटाइनने घासून हात दुखले, काही फरक नाही. टर्पेंटाइन भेसळीचं असेल का?

उत्तर : टर्पेंटाइन बिचारं निर्दोष आहे. ऑइलपेंट दोन पायऱ्यांनी वाळतो. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडून जातं, मग त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट जाळं विणतं. पहिल्या तास-दोन तासांत टर्पेंटाइनचं फडकं फिरवलं असतं तर सगळं निघालं असतं. जाळं विणून झाल्यावर तेच टर्पेंटाइन वरून वाहून जातं.

मूठ आधी दारावरून सोडवा. निम्मं काम तिथेच होतं, कारण दाराचं पॉलिश वाचतं. मग एक नजर : मूठ साध्या स्टीलची आहे, की वर सोनेरी, काळा असा काही थर आहे? साधं स्टील असेल तर ॲसिटोन चालतो. कापूस ॲसिटोनमध्ये भिजवून ओघळावर ठेवा आणि वरून स्वयंपाकघरातली पातळ पॉलिथिनची पिशवी गच्च गुंडाळा. ॲसिटोन ५६ अंशाला उकळतो, उघडा ठेवला तर रंगापर्यंत पोचायच्या आत उडून जातो. झाकला तर दहा-पंधरा मिनिटं कामाला लागतो. रंग सुरकुतला की प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने लोटा. मुठीवर बारीक रेघा असतील तर रेघांच्या दिशेनेच पुसा, आडवं घासलंत तर तो पट्टा कायम उठून दिसेल. खिडक्या उघड्या हव्यात, घरात कुठेही ज्योत नको. ॲसिटोनची वाफ थंड खोलीतही पेट घेते. आणि मुठीतले प्लास्टिकचे वॉशर आधी काढा, नाहीतर ते विरघळून मूठ डुगडुगेल. सोनेरी थर असेल तर आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी कापूस टेकवून बघा. चिकट लागलं किंवा कापसावर रंग आला तर वर लॅकर, म्हणजे धातू जपणारा वार्निशसारखा थर आहे, ॲसिटोन त्याला सोलून काढेल.

बिजागऱ्या लोखंडी किंवा भरीव पितळी असतील तर उकळा. जुनं भांडं, पाणी, चमचाभर धुण्याचा सोडा, मंद आच, पाऊण तास. धातू आणि रंग सारखे फुगत नाहीत, वर सोडा रंगाखाली शिरतो, आणि पापुद्रा सायीसारखा सुटतो. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही. लोखंडी बिजागरी पाण्यातून काढल्या काढल्या पुसून तेलाचा हात लावा, नाहीतर पंधरा मिनिटांत तिच्यावर तांबूस गंज दिसेल. ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असलेलं काहीही या भांड्यात टाकू नका. घर फार जुनं असेल तर रंगात शिसं असू शकतं. मग कोरडं घासणं आणि ज्योतीने जाळणं दोन्ही नको, जे करायचं ते ओलं.

रंग काढायच्या जेलविषयीही तुम्ही विचारलं आहे. डब्यावर डायक्लोरोमिथेन लिहिलेलं असेल तर मी घरात आणणार नाही. काम झटपट करतं, पण ते श्वासातून गेलं की शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद न्हाणीघरात ते वापरताना माणसं दगावली आहेत. अमेरिकेत २०१९ साली घरगुती रंग काढण्यासाठी त्याच्या विक्रीवर बंदी आली ती याच कारणाने.

प्रश्न : खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर भिंतीच्या रंगाचे डाग आहेत. ओळखीच्या एका गृहस्थांनी कॉस्टिक सोड्याचं पाणी सुचवलं. लावू का?

उत्तर : नको. याची हकीकत मला तोंडपाठ आहे, कारण ती माझीच आहे.

नोकरीचा दुसरा महिना. निळ्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या नावपट्ट्या तपासायला आल्या होत्या, आणि एकीवर रंगाचा थेंब होता. शेजारी कॉस्टिकचं टाकं होतं, लोखंडी भागांवरचा रंग त्यात आमच्या डोळ्यांदेखत निघायचा. मी पट्टी चिमट्यात धरून बुडवली. फसफसायला लागलं, मला वाटलं काम होतंय. मिनिटभराने काढली तर थेंब जागच्या जागी होता आणि बाकीची पट्टी निळ्याची राखाडी झालेली. अक्षरंसुद्धा गेली. वरिष्ठांनी ती पट्टी माझ्या टेबलासमोर भिंतीवर ठोकली, आणि मी निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती.

ॲनोडायझिंग म्हणजे ॲल्युमिनियमवर मुद्दाम वाढवलेला त्याच्याच ऑक्साइडचा थर. खिडक्यांवर तो साधारण १० ते २५ मायक्रॉन असतो; माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. थर कठीण असतो, पण आम्ल आणि अल्कली दोघांनाही बळी पडतो. कॉस्टिक थर खाऊन खालच्या ॲल्युमिनियमला भिडतं, ती फसफस म्हणजे सुटणारा हायड्रोजन. न्हाणीघराची फरशी धुवायचं आम्लही त्याच यादीत. ओला चुना आणि सिमेंट यांचे शिंतोडेसुद्धा अल्कलीच असतात, ते त्याच दिवशी पुसलेले बरे.

तुम्ही साबणाच्या कोमट पाण्यात फडकं भिजवून अर्धा तास डागावर ठेवा, मग प्लास्टिकच्या कार्डाने लोटा. उरलेल्या पुसट सावलीला स्पिरिट. इथे ते चालतं, ऑक्साइडला स्पिरिटशी घेणंदेणं नाही. फक्त एक खात्री करा. हल्ली बऱ्याच चौकटी ॲनोडाइज्ड नसून पावडर कोटिंगच्या, म्हणजे रंगाची भुकटी भाजून चढवलेल्या असतात. नखाने टिचकी मारल्यावर धातूपेक्षा जरा भरलेला, प्लास्टिकसारखा आवाज आला, किंवा कापलेल्या कोपऱ्यात रंगाची जाडी दिसली, तर ते पावडर कोटिंग. त्यावरही स्पिरिट हलक्या हाताने चालतं, पण ॲसिटोन नाही. तो कोटिंग मऊ करून चमक घालवतो.

प्रश्न नव्हे, तक्रार : मागच्या अंकात तुम्ही तारेची घासणी ‘कुठेही नको’ लिहिलंत. मी सायकलच्या क्रोमच्या हँडलवरचा रंग सगळ्यात बारीक स्टील वूलने काढला, एक चरा नाही. घासणीला उगीच बदनाम करू नका.

उत्तर : मान्य, ‘कुठेही’ हा शब्द मागे घेते. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो, शोभेच्या क्रोमला बहुतेक वेळा अर्धा मायक्रॉनही नाही, पण आहे मोठा कणखर. चार शून्यांचं, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूल तेलात भिजवून हलकं फिरवलं तर चांगल्या क्रोमवर ओरखडा पडत नाही. पण त्याच हँडलवर जिथे हात घासून क्रोम गेलंय तिथे खालचं निकेल उघडं असतं, आणि ते मऊ आहे. ओळख सोपी : क्रोमची झाक निळसर, निकेलची किंचित पिवळसर. पिवळसर दिसलं की घासणी उचलायची.

हीच घासणी कुणी स्टेनलेसवर घेऊ नये, हा माझा मूळ मुद्दा मात्र कायम आहे. तारेचे बारीक तुकडे स्टेनलेसच्या रेघांत अडकतात, आठवड्याने तिथे तांबूस ठिपके येतात, आणि शिव्या स्टेनलेसला बसतात. गंजतात ते घासणीचे तुकडे.

प्रश्न : शेजारच्या फाटकाला फवाऱ्याने रंग देत होते. माझी गाडी वाऱ्याच्या दिशेला होती. आता दिसत काही नाही, पण हात फिरवला तर सगळ्या अंगावर खरखर लागते. थिनरचा हलका हात मारू?

उत्तर : थिनरचा हात हलका नसतोच. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, आणि थिनरला तुमचा रंग आणि फाटकाचा रंग यांतला फरक कळत नाही.

फवाऱ्याचे कण हवेतच अर्धवट वाळून येतात, त्यामुळे ते गाडीवर चिकटतात पण पसरत नाहीत. यासाठी क्ले बार नावाची मळलेल्या कणकेसारखी वडी मिळते. गाडी सावलीत, थंड, स्वच्छ धुतलेली हवी. वडीबरोबर येणारं द्रव किंवा गाडीच्या शाम्पूचं पाणी भरपूर फवारा आणि हातभर जागेत वडी सरळ रेषेत, नुसत्या तिच्या वजनाने सरकवा. सुरुवातीला ती अडखळते, खर्रखर्र आवाज येतो, मग एकदम घसरायला लागते. घसरली की ती जागा झाली. वडी दुमडून स्वच्छ बाजू बाहेर आणा आणि पुढे चला. खाली पडली तर टाकून द्या, तिला लागलेला एक खडा सगळ्या बॉनेटवर रांगोळी काढेल. काम झालं का ते बघायला हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. उघड्या बोटांना न कळणारी खरखर पिशवीतून कळते. का ते विचारू नका, करून बघा. शेवटी मेणाचा हात द्या. बंपरच्या न रंगवलेल्या काळ्या प्लास्टिकवर वडी घासू नका, पांढुरके चट्टे पडतात.

जागा संपली. पितळी पाटीवर लिंबू चोळू का विचारणाऱ्या वाचकासाठी दोनच ओळी : लिंबाने रंग निघणार नाही, भोवतालचं पितळ मात्र उजळेल, आणि डाग होता त्याहून ठळक दिसेल. पाटीवर लॅकर आहे की नाही ते मुठीसाठी सांगितलं तसं पाटीच्या मागच्या बाजूला तपासा आणि मला कळवा.